दहा रुपयांच्या साठ नोटा: शहापुरातल्या एका पतसंस्थेतला चालण्याचा करार

पार्श्वभूमी

बेळगावच्या शहापूर भागातली एक लहान पतसंस्था. नऊ जणांचा स्टाफ, त्यात दोन पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत फिरून गोळा करणारे, आणि एक शिपाई. काउंटरवरचं बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. इथल्या कॅशियर सुमनअक्का. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही काढले आहेत. वय सत्तेचाळीस, राहायला वडगावात. नवरा खासबागेत पॉवरलूमवर, घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा.

एप्रिलच्या तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 8.1 निघाली. गोळ्या आधीपासून सुरू होत्याच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, "रोज अर्धा तास चालणे", आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं. मधुमेहींना आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन करणं हे माझं काम.

अक्कांचा दिवस असा. पहाटे साडेपाचला उठायचं. नळाला पाणी सोडायचा दिवस असला की त्याहून आधी, कारण ते भरून ठेवलं नाही तर पुढचं पाणी येईपर्यंत घर अडतं. मग डबे, सासूबाईंचं औषधपाणी. साडेनऊला नवऱ्याच्या गाडीवरून ऑफिस. दिवसभर काउंटरमागे बसून. सहा-साडेसहाला कॅश टॅली झाली की नवरा न्यायला हजर. चालणं कुठे, तर स्वयंपाकघर ते मोरी आणि काउंटर ते तिजोरी.

अडचण नेमकी कुठे होती

समजून सांगण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. चालल्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात, जेवणानंतर थोडं चाललं तरी साखरेची उसळी कमी होते, हे अक्कांना तोंडपाठ होतं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "माहीत आहे की हो मॅडम सगळं. पण होईना झालंय."

हे "होईना झालंय" मी गांभीर्याने घेते. याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण चालण्याचा फायदा दिसतो तीन महिन्यांनी, लॅबच्या कागदावर. न चालण्याचा फायदा आजच्या आज मिळतो: भाजी वेळेत होते, पाय दुखत नाहीत, सासूबाई ताटकळत नाहीत. आजचं सोडून तीन महिन्यांनंतरचं रोज निवडायचं, तेही थकल्यावर, हे कोणालाही अवघड. पावलं मोजणारं अॅप आणि चालण्याला लावलेले पैसे, या दोन्हींचा उपयोग झालाच तर इथे होतो. लांबचा फायदा-तोटा ते आजच्या दिवसात आणून ठेवतात.

आधी करून झालेलं

माझ्याकडे येण्याआधी दोन प्रयत्न झाले होते. मुलाने फोनवर एक अॅप घालून दिलं होतं. चाललं की नाणी जमतात आणि नाण्यांवर सवलतीची कुपनं मिळतात. पहिला आठवडा मजेत गेला. मग कळलं, कुपनं अशा वस्तूंची की ज्या अक्का एरवी घेणारच नाहीत, आणि सवलत मिळवायची तर आधी खिशातले पैसे घालायचे. त्यातच फोनची बॅटरी वाचवणारी सोय अॅपला मागच्या मागे बंद पाडायची, आणि चाललेलं मोजलंच जायचं नाही. चाललेलं वाया गेलं असं वाटणं फार वाईट. अॅपला सोडचिठ्ठी मिळाली.

दुसरा प्रयत्न पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याचा. उद्दिष्ट गाठलं त्या दिवशी तो पन्नास रुपये यूपीआयने पाठवायचा. हे चाललं बरं, पण भाचा कामात अडकला, पैसे पाठवायला विसरू लागला, आणि अक्कांना मागायची लाज. त्यात सासूबाईंनी एकदा विचारलं, "स्वतःच्या पायानं चालायचे पैसे घेतीस होय गं?" तिथे ते थांबलं.

दोन्ही प्रयत्नांत बक्षीस बाहेरून येत होतं, आणि बक्षीस चुकलं तर अक्कांचं स्वतःचं काहीच जात नव्हतं.

कोणते पर्याय समोर होते

अक्कांनीच सुचवलं की ऑफिसात आणखी दोघा-तिघांना साखर आहे, मॅनेजरसाहेबांना रक्तदाब आहे, सगळ्यांनी मिळून काही करू. मॅनेजर तयार झाले. एका शनिवारी कामकाज संपल्यावर आम्ही बसलो.

पहिला पर्याय मॅनेजरांचा: संस्थेने महिन्याला जो जास्त चालेल त्याला बक्षीस द्यावं. त्याला दोन अडचणी. संस्थेचा पैसा सभासदांचा, तो स्टाफच्या चालण्यावर कसा खर्च करायचा? आणि पिग्मी एजंट दिवसभर गल्लोगल्ली फिरतात, पहिला नंबर त्यांचाच ठरलेला. ज्यांना गरज आहे ते शर्यतीत उतरण्याआधीच हरले असते.

दुसरा पर्याय, प्रत्येकाने स्वतःचे पैसे आधी बाजूला ठेवायचे आणि चुकलेल्या दिवशी त्यातून कापायचे. याच्या बाजूने भक्कम आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 281 कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. उद्दिष्ट रोज 7,000 पावलांचं, मुदत 13 आठवडे. एका गटाला उद्दिष्ट गाठलेल्या दिवसाचे 1.40 डॉलर मिळत. दुसऱ्याला सोडत. तिसऱ्याच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच 42 डॉलर टाकले आणि चुकलेल्या दिवसाला 1.40 डॉलर वजा केले. काहीच न मिळणाऱ्यांनी सरासरी 30 टक्के दिवस उद्दिष्ट गाठलं, पैसे मिळवणाऱ्यांनी 35, सोडतवाल्यांनी 36 आणि गमावण्याची भीती असलेल्यांनी 45. रक्कम तीच, पण हातातलं जाणं जास्त लागतं.

मात्र तिथे पैसे दुसऱ्याचे होते. स्वतःचे पैसे अडकवायला माणसं सहसा तयार होत नाहीत. सिगारेट सोडवण्याच्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात (2015) नुसत्या बक्षिसाची योजना 90 टक्के लोकांनी स्वीकारली, आणि स्वतःची अनामत ठेवायची योजना 14 टक्क्यांहूनही कमी लोकांनी. मला हीच धास्ती होती. पण या टेबलाभोवती बसलेल्यांचं आयुष्य भिशीत आणि पिग्मीत गेलेलं. रोज थोडे पैसे बाजूला काढायचे, हप्ता चुकला तर चारचौघांत विचारणा होणार, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पिग्मी योजना मुळात आपल्याच राज्यातली, 1928 मध्ये उडुपीच्या बँकेने सुरू केलेली. नऊपैकी सहा जण लगेच तयार झाले.

कापलेल्या पैशांचं काय करायचं, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. जिंकणाऱ्यांत वाटायचे म्हटलं तर शिपाईमामा म्हणाले, "मग हा जुगारच की." त्यांचं म्हणणं मला पटलं. दुसऱ्याचा पाय मुरगळला की आपला फायदा, अशी रचना एका छताखाली काम करणाऱ्यांत नको. मी वाचलेली एक परदेशी पद्धतही मांडली. त्यात चुकलेला पैसा तुम्हाला न आवडणाऱ्या संघटनेला जातो, म्हणून माणूस जास्त जपतो. पण ती मांडतानाच सांगितलं की इथे ती वापरायची नाही. सीमाभागातल्या मिश्र ऑफिसात "न आवडणारी संघटना" म्हटल्यावर कोणाच्या मनात काय येईल हे सांगायला नको. मराठी आणि कन्नड बोलणारे एकाच डब्यातलं खातात, ते चालण्यापायी बिघडवायचं नव्हतं. शेवटी ठरलं, कापलेल्या पैशांतून ऑफिससाठी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यायचं.

प्रत्यक्षात काय केलं

बारा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे दहा रुपये. म्हणजे साठ दिवसांचे सहाशे. यूपीआय नको, असा आग्रह अक्कांनी धरला आणि तो योग्य होता. त्यांनीच दहाच्या कोऱ्या नोटा आणून प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात साठ-साठ मोजून घातल्या. पाकिटं शिपाईमामांच्या ताब्यात, कारण ते स्वतः भाग घेत नव्हते आणि सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास. सोमवारी चहाच्या वेळी ती टेबलावर यायची. ज्याचे दिवस चुकले त्याने स्वतःच्या हाताने पाकिटातून नोट काढून डब्यात टाकायची. मोबाइलवरून पैसे गेले तर एक मेसेज येतो, तो आपण वाचतही नाही. दहाची नोट बोटांत धरून सहकाऱ्यांसमोर डब्यात टाकणं निराळं. पहिल्याच सोमवारी हिशेबनीसांच्या तीन नोटा गेल्या आणि ते म्हणाले, "दहा रुपयांचं काही नाही हो, नाव जातंय."

उद्दिष्टाचा प्रश्न होता. सगळ्यांच्या फोनमध्ये आपोआप 10,000 पावलं लावलेली. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नावच "दहा हजार पावलं" असं होतं, तिथून तो रूढ झाला. वयस्क अमेरिकी स्त्रियांच्या 2019 च्या एका अभ्यासात मृत्यूचा धोका साधारण 7,500 पावलांपर्यंत कमी होत गेला, पुढे तो फारसा उतरला नाही. म्हणून पहिला आठवडा नुसतं मोजायचं ठरवलं, आणि त्या सरासरीवर 2,000 पावलं वाढवून प्रत्येकाचं वेगळं उद्दिष्ट.

अक्कांची पहिली सरासरी भलतीच कमी आली, तेव्हा कळलं की फोन दिवसभर ड्रॉवरमध्ये असतो. साडीला खिसा नाही, घरात फोन फ्रिजवर. बायकांचं निम्मं चालणं अॅपला दिसतच नाही. अक्कांनी कमरेला बांधायचा कापडी बटवा शिवून घेतला आणि मग खरा आकडा मिळाला. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी-बचत बंद केली. लोकेशन मात्र कुणालाच चालू ठेवू दिलं नाही. 2018 मध्ये स्ट्राव्हा या धावणं-चालणं नोंदवणाऱ्या अॅपच्या नकाशावरून परदेशांतल्या लष्करी तळांच्या वाटा उघड झाल्या होत्या. बाई रोज कुठल्या वेळी कुठल्या रस्त्याने एकटी जाते, हे कोणाला दिसायचं कारण नाही.

आणखी एक नियम मी आग्रहाने घातला. दिवस चुकला की दहा रुपये जातील, पण लगेच दुसऱ्या दिवशी चाललात तर पाच परत. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या 61,000 हून अधिक सभासदांवर एकाच वेळी 54 वेगवेगळ्या युक्त्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष 2021 मध्ये आले. त्यांत सर्वांत सरस ठरली ती चुकलेल्या खेपेनंतर परत येणाऱ्याला छोटंसं बक्षीस देण्याची युक्ती. सवय मोडते ती एका खाड्याने नव्हे, त्याला लागून पडणाऱ्या दुसऱ्या खाड्याने.

अक्कांच्या दिवसात वेळ कुठून काढायचा? सकाळ शक्य नव्हती. संध्याकाळी नवऱ्याने न्यायला यायचं नाही, शहापूरहून वडगावला चालत यायचं, एवढाच बदल केला. व्हॅक्सिन डेपोला गाडीवरून जाऊन तिथल्या झाडांखाली चालणारे बरेच आहेत, पण अक्कांना जाऊन-येऊन तास लागला असता. घरी जायला तर रोज लागतंच.

तीन अवघड निर्णय

पहिला पेच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आला. एका पिग्मी एजंटाची पावलं अचानक दुप्पट दिसू लागली. चौकशी केल्यावर ते स्वतःच चक्रावले. फोन शर्टाच्या खिशात ठेवून ते स्कूटरवर फिरत, आणि उखडलेल्या रस्त्यांचे धक्के फोन पावलं म्हणून मोजत होता. त्यात लबाडी नव्हती. पण त्याच सुमारास दुसऱ्या एकाचा फोन मुलीबरोबर बॅडमिंटनला जात असल्याचं निघालं, आणि ती लबाडी होती. त्यांना बाहेर काढायचं, रोज फोटो मागायचे, की मोजमापच बदलायचं? काढलं असतं तर ज्यांना चालण्याची गरज होती तेच गेले असते. फोटो मागणं म्हणजे ऑफिसात पोलिसगिरी. आम्ही मोजमाप बदललं. पावलांऐवजी अर्धा तास, आणि साक्ष सोबत चालणाऱ्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीही मिनिटांतच आहेत: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत. पाच अर्ध्या तासांत दीडशे भरतात. अॅप राहिलं ते फक्त स्वतःला दिसण्यासाठी. या एका बदलाने प्रत्येकाला जोडीदार शोधावा लागला, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून मोलाचं काही घडलं नाही. अक्कांची जोडी जमली त्याच रस्त्याने जाणाऱ्या क्लार्क मुलीशी. ती कन्नड बोलणारी, वयाने निम्मी, आणि वेगाने चालणारी.

दुसरा निर्णय तब्येतीचा. जूनमध्ये अक्कांना ताप होता तरी त्या चालल्या, दहा रुपये जाऊ नयेत म्हणून. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारचं जेवण उशिरा आणि थोडं झालं, आणि संध्याकाळी रस्त्यात हात थरथरू लागले, दरदरून घाम आला. साखर उतरली होती. सोबतच्या मुलीने टपरीवरून साखर मागून घेतली, खायला घातली आणि बसवून ठेवलं. अक्कांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. या जातीच्या गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात, आणि त्यात चालण्याची भर पडली की साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी लगेच डोस बदलला. आम्ही नियम बदलला: आजारी दिवस, पायाला जखम, डॉक्टरांची मनाई यांना दंड नाही आणि कोणी पुरावा मागायचा नाही. मधुमेही असेल त्याच्या बटव्यात साखरेची पुडी असलीच पाहिजे, आणि पायात साध्या चपला नकोत, बंद बूट हवेत. पैशाचा धाक आजारी माणसालाही रस्त्यावर काढतो. असा करार करणाऱ्यांनी हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा.

तिसरा पाऊस. आषाढात इथे झड लागली की थांबायचं नाव नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डब्यात इतक्या नोटा पडल्या की सगळ्यांचाच धीर सुटला. करार महिनाभर स्थगित करावा असं बहुतेकांचं म्हणणं होतं. मी विरोध केला, कारण थांबलेला गट परत जमत नाही. मधला मार्ग मॅनेजरांनी काढला. दुपारच्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या वरच्या रिकाम्या हॉलमध्ये पंधरा मिनिटं फेऱ्या, आणि उरलेली पंधरा ज्याने त्याने घरी, जिन्यावर किंवा गच्चीच्या पत्र्याखाली. जेवणानंतरच्या फेऱ्या मधुमेहींना तर उत्तमच. दिवस चुकणं थांबलं नाही, पण गट टिकला.

काय निष्पन्न झालं

ऑगस्टमध्ये बारा आठवडे संपले. सहापैकी पाच शेवटपर्यंत राहिले. अक्कांच्या पाकिटात 470 रुपये शिल्लक होते. एचबीएवनसी 8.1 वरून 7.2 वर आली. याच काळात औषधही बदललं होतं, त्यामुळे हे सगळं श्रेय चालण्याला देता येणार नाही. वजन जेमतेम किलोभर उतरलं, त्याने अक्का थोड्या खट्टू झाल्या. रात्रीची झोप मात्र सुधारली असं त्या आपणहून सांगतात. डब्यातल्या पैशांत थोडी भर घालून रक्तदाबाचं यंत्र आलं.

पैसे थांबल्यावर दोघं पंधरा दिवसांत गळाले. हे अनपेक्षित नव्हतं. 61,000 जणांच्या त्या अभ्यासातही चार आठवड्यांच्या युक्त्या संपल्यावर टिकून राहिलेला परिणाम फार थोड्या युक्त्यांचा होता. इथे जे तिघे टिकले त्या तिघांनाही जोडीदार होते. अक्का आणि ती क्लार्क मुलगी अजून शहापूरहून चालत जातात. गणपतीत तर देखावे बघत त्यांचा अर्ध्या तासाचा दीड तास झाला, घरची मंडळीही सोबत. नवऱ्याची गाडी आता फक्त पाणी सोडायच्या दिवशी येते, कारण त्या दिवशी घरी लवकर पोचायचं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

पैसे संपल्यावर काय, हे बाराव्या आठवड्यात विचारायचं नव्हतं, पहिल्याच बैठकीत ठरवायला हवं होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत असा प्रयोग झाला आहे (2015): जिमला जाण्याचा मोबदला संपल्यावर काहींना स्वतःचे पैसे अडकवून पुढे चालू ठेवायचा पर्याय दिला, आणि त्यांच्यात परिणाम जास्त टिकला. इथे शेवटच्या चार आठवड्यांत दंड दहावरून पाचवर आणि मग दोनवर आणता आला असता, म्हणजे पाकीट परत मिळालं त्या दिवशी सगळं एकदम सुटलं नसतं.

सगळ्यांना एकच दहा रुपये, हेही फेरविचाराचं आहे. मॅनेजरांना दहा रुपये गेल्याचं काही वाटत नव्हतं, आणि शिपाईमामांनी भाग न घेण्याचं खरं कारण मला उशिरा कळलं: सहाशे रुपये तीन महिने अडकवणं त्यांना जड होतं. रक्कम ज्याची त्याने ठरवावी आणि ती पाकिटाबाहेर कोणाला कळू नये, असं करता येतं.

ताकदीचे व्यायाम राहूनच गेले. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही हवं, आणि अक्कांच्या वयाच्या बाईला ते चालण्याइतकंच गरजेचं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून दंड, यांना अॅप लागत नाही आणि जागाही लागत नाही.

दिवाळीनंतर दुसरी फेरी ठरली आहे. गळालेले दोघे परत येणार आहेत, शिपाईमामाही दोनशे रुपये घालून येतील. पाकिटं या वेळी अक्का सांभाळतील. दंड दर महिन्याला निम्मा होत जाईल, आणि जोडीदाराचं नाव लिहिल्याशिवाय कोणाच्या नोटा मोजून घेतल्या जाणार नाहीत.